वाकळ उघडेना

ताईबाईंच्या वाकळींची वेबसाइट आपण एकट्यानं, स्वतःच्या हातानं बनवली, ही गोष्ट विनोद ओव्हाळनं शिरूरमध्ये इतक्या जणांना सांगून ठेवली होती, की पुढं ती बिघडली तेव्हा दोष ढकलायला माणूसच शिल्लक राहिला नाही.

विनोद कारेगावच्या एका कंपनीत स्टोअरकीपर. दिवसभर नटबोल्टांच्या आवकजावकीच्या नोंदी कंप्युटरवर मारायच्या, हे त्याचं काम. त्यामुळं घरात, गल्लीत आणि सासुरवाडीत 'विनोदला कंप्युटरचं कळतं' असा त्याचा लौकिक होता. लौकिक ही मोठी वाईट चीज. ती एकदा चिकटली की माणसाला 'मला येत नाही' असं म्हणता येत नाही.

त्याची आई ताईबाई आणि वॉर्डातल्या सात-आठ बाया जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायच्या. हात असा बसलेला की टाक्याला टाका लागून धावदोरा मुंग्यांच्या रांगेसारखा सरळ जायचा. विनोदची बायको माया हिनं या बायांना एकत्र आणलं, कापड गोळा केलं, आणि जोमात काम सुरू झालं. इतक्या जोमात, की दसऱ्यापर्यंत ओव्हाळांच्या घरात वाकळी छताला टेकल्या. टीव्ही त्यांच्यामागं गेला. त्याच्यावरच्या बातम्या आता नुसत्या ऐकू यायच्या. विकायचं कुठं, हा प्रश्न निघाला तेव्हा माया म्हणाली, "ऑनलाइन विकू." आणि सगळ्यांनी विनोदकडं पाहिलं.

विनोदनं साइट केली. कंपनीतून आल्यावर रोज संध्याकाळी मोठ्या पडद्याच्या कंप्युटरपुढं बसून केली. नाव ठेवलं 'ताईबाईची वाकळ'. त्या मोठ्या पडद्यावर साइट अशी देखणी दिसायची की बघत राहावं. उघडली की बासरी वाजायची. वरून झेंडूच्या पाकळ्या पडायच्या. मग वाकळींचे फोटो एकामागून एक सरकत यायचे. अक्षरं हिरव्यावर पिवळी होती. विनोदला ती फार आवडायची.

पहिला फोन दौंडहून आला. मायाची धाकटी बहीण गौतमी.

"दाजी, मी लिंक दाबली आन् दूध तापायला ठेवलं," ती म्हणाली. "दूध उतू गेलं, शेगडी पुसून झाली, तरी गोल गोलच फिरतंय."

"तुमच्याकडं नेटवर्क नसंल," विनोद म्हणाला.

मागून तिचा नवरा महेंद्र बोलला. महेंद्र रेल्वेत होता आणि विनोदचा साडू होता. जगात साडूइतकं बारीक लक्ष आपल्यावर कुणाचं नसतं.

"पाव्हणं, नेटवर्क फुल्ल हाय," महेंद्र म्हणाला. "आमच्या जंक्शनला गाडी लेट झाली तर निदान अनाउन्समेंट तरी होती. तुमच्या साइटला तीबी न्हाई."

हा टोला विनोदच्या वर्मी बसला. पण महेंद्रनं फोन टोला मारायला केला नव्हता. वरवंडला प्रगतीताई म्हणून एक बाई होत्या. त्यांनी शेतात राहायच्या खोल्या बांधल्या होत्या, पुण्याची माणसं सुट्टीला तिथं येऊन राहायची. त्यांना प्रत्येक खोलीत वाकळी हव्या होत्या. एवढंच नाही, तर खोलीच्या भिंतीवर त्या एक क्यूआर कोड लावणार होत्या. पाहुण्यानं रात्री वाकळ अंगावर घ्यायची, आवडली की पडल्या पडल्या मोबाइलवर तशीच आपल्या घरासाठी मागवायची.

"पण त्या म्हणाल्या, मोबाइलवर झटक्यात उघडली तरच," महेंद्र म्हणाला. "माणूस अंथरुणात पडलेला असतो. साइट उघडंपर्यंत तो घोरायला लागायचा. पुढच्या रविवारी या म्हणाल्यात. त्यांच्यासमोर उघडून दाखवायची."

मायानं ते ऐकलं आणि छताला टेकलेल्या चळतीकडं पाहिलं. बायकांना तिनं शब्द दिला होता की माल जाईल, आणि मग हिवाळाभर काम मिळंल. त्यांतल्या सखूबाई तर शिक्रापूरच्या खोल्यांमधलं धुण्याभांड्यांचं काम सोडून इकडं आल्या होत्या.

विनोदनं सगळ्यात आधी, कुठलाही स्वाभिमानी माणूस करील तेच केलं. दोष इंटरनेटला दिला. तो कनेक्शनवाल्याच्या ऑफिसात गेला. तिथल्या पोरीनं तक्रार लिहून घेतली आणि 'माणूस येईल' म्हणाली. माणूस आला. त्यानं स्पीड मोजला, "एकदम ओक्के हाय" म्हणाला, आणि जाताना विचारलं, "साइट कुणी बनवलीय?" विनोदनं छतावरच्या पंख्याकडं पाहिलं. मग त्यानं जिथं साइट ठेवली होती त्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून एक गोड आवाज हिंदीत म्हणाला की आपकी समस्या हमारे लिए बहुत महत्त्वपूर्ण है. विनोदला बरं वाटलं. घरात इतक्या आदरानं त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. संध्याकाळी मेसेज आला की आपली समस्या सोडवण्यात आलेली आहे. साइट होती तिथंच होती.

एव्हाना गल्लीत बातमी पसरली होती. आपल्याकडं माणूस आजारी पडला की औषधं सुचतात, आणि वेबसाइट आजारी पडली की सजावट सुचते.

शेजारच्या सुभानचाचांचा गादी-उशांचा कारखाना. कापडातला जाणता माणूस. ते म्हणाले, "विनोद, उघडत न्हाई ते ऱ्हाऊ दे. उघडल्यावर काय दिसतं? फोटो बारीक हायेत. गिऱ्हाइकाला टाका मोजता आला पायजे."

विनोदला ते पटलं. त्यानं न्हावऱ्याच्या बिरदेवला बोलावलं. बिरदेव लग्नाचे फोटो काढायचा. त्याच्याकडं नळकांड्याएवढी लेन्स होती. त्यानं वाकळी घोडनदीच्या काठी नेऊन खडकांवर पसरल्या आणि प्रत्येकीचे नवरीचे काढावेत तसे फोटो काढले: समोरून, बाजूनं, लाजताना. मध्येच कुणाचा तरी बोकड येऊन हिरव्या वाकळीवर बसला आणि उठेना. बिरदेव म्हणाला, "नॅचरल येतोय, राहू द्या." ते फोटो साइटवर गेले. दुसऱ्या दिवशी, साइट उघडेपर्यंत धीर धरणारा आजवरचा एकमेव ग्राहक निघाला, त्याचा फोन आला. त्याला बोकड पाहिजे होता.

विनोदचे वडील बबनराव नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. गिऱ्हाईक दारात आलं आणि 'या, बसा' कुणी म्हटलंच नाही, तर ते थांबंल कशाला? म्हणून विनोदनं त्यांचं स्वागताचं निवेदन टाकलं. कोट घातलेला फोटो, खाली 'सर्व ग्राहक बंधू-भगिनींना सप्रेम जय भीम' आणि त्याखाली वाकळीचं समाजजीवनातलं स्थान. साइट उघडली की ही चौकट पुढं यायची. कोपऱ्यात फुलीचं बटण होतं, ते दाबलं की बाजूला व्हायची.

आता साइट पहिल्यापेक्षा दुप्पट देखणी झाली, आणि उघडायची पूर्णच थांबली.

शेवटी माया उठली आणि सुभानचाचांच्या मुलीला घेऊन आली. तहमीना पुण्याच्या एका आयटी कंपनीत होती आणि घरूनच काम करायची. विनोदला हे माहीत नव्हतं असं नाही. पण काल-परवापर्यंत दारात लगोरी खेळणाऱ्या पोरीला विचारायचं म्हणजे लौकिकाचं काय, हा प्रश्न होता.

तहमीनानं कंप्युटरकडं बघितलंही नाही. तिनं आपला मोबाइल काढला, साइटचा वेग मोजणाऱ्या एका पानावर तिचं नाव टाकलं, आणि एक लालभडक आकडा विनोदपुढं धरला.

"शंभरपैकी नऊ," ती म्हणाली.

"नऊ म्हंजी कमी का?" विनोदनं विचारलं.

"विनोदभाऊ, रिकाम्या पानालाबी शंभर मिळत्यात. तुम्ही मेहनत करून नवावर आणलंय."

ती चटईवर बसली आणि एकेक सांगायला लागली. बिरदेवचे फोटो लग्नाच्या फ्लेक्ससाठी काढल्यासारखे होते. मोबाइलच्या तळहाताएवढ्या जागेसाठी फोन बिचारा अख्खा फ्लेक्स उतरवून घ्यायचा, आणि एक नाही, सगळे एकदम. खालचे फोटो ग्राहक खाली आल्यावर आणायचे असतात, हे विनोदनं फोनला सांगितलंच नव्हतं. त्यात बासरी. त्यात पाकळ्या. प्रत्येक पाकळी वेगळी पडायची, आणि ती कुठं पडली याचा हिशेब फोनला ठेवावा लागायचा.

"आन् हे," तहमीना म्हणाली आणि तिनं फोन फिरवला. एवढा वेळ फिरून पडद्यावर अखेर बबनराव आले होते. फक्त बबनराव. कोटाच्या वरच्या बटणापासून कपाळापर्यंत. "मोठ्या स्क्रीनसाठी बनवल्यामुळं फुलीचं बटण मोबाइलच्या बाहेर गेलंय. आता आबांना बाजूला करताच येत न्हाई."

आतल्या खोलीतून आवाज आला, "मला कोण बाजूला करतंय?"

"मी तेच म्हणत होतो," विनोद म्हणाला. तो आतापर्यंत काहीच म्हणाला नव्हता, पण काहीतरी म्हणणं भाग होतं. "फोटो बारीक करायचे. तू जा, तहमीना. तुझी ड्यूटी हाय. एवढं मी करतो."

माया काहीतरी बोलणार होती. पण लग्नाला बरीच वर्षं झालेली असली की बाई कधी बोलायचं नाही हेही शिकते.

सुट्टी टाकून विनोद बसला. बबनरावांच्या चौकटीची फुली मोबाइलच्या आत ओढून घेतली. पाकळ्या काढल्या. बासरी काढली, काढताना एकदा शेवटची ऐकली. मग त्यानं फोटो दाबायला घेतले. एकदा दाबले, दोनदा दाबले. स्टोअरकीपरचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट कमी करायची ठरली की ती संपेपर्यंत कमी करायची. संध्याकाळी त्यानं घरच्यांना बोलावलं आणि मोबाइलवर बोट ठेवलं. साइट टिचकीसरशी उघडली. त्यानं कोपऱ्यावरून पेढे आणले, सुभानचाचांकडंही पाठवले.

पेढा तोंडात असतानाच फोन वाजला.

"शिक्रापूरहून बोलतोय," पलीकडचा माणूस म्हणाला. "भाड्याच्या खोल्या बांधतोय. तुमचा माल बघितला. चौकटीची डिझाइन आवडली. फूट कितीला?"

"फुटावर न्हाई देत आपण. नगावर देतो," विनोद म्हणाला.

"बरं, नगावर. ग्लॉसी हाय का मॅट?"

विनोदनं पेढा गिळला. "साहेब, ही वाकळ हाय."

"कंपनी कुठलीबी असू द्या हो. बाथरूमला चालंल का? पाण्यानं काय होत न्हाई ना?"

"धुता येते," विनोद चाचरत म्हणाला. त्याच्या प्रामाणिक स्वभावाला खोटं बोलता आलं नाही. "पण वाळायला दोन दिवस लागतात."

मग तो माणूस म्हणाला, "असली फरशी आमी घेत न्हाई," आणि फोन ठेवला.

मायानं मोबाइल हातात घेऊन पाहिलं. ताईबाईंनी डोळे फोडून घातलेला टाका कुठंच दिसत नव्हता. दिसत होते नुसते लाल-निळे धुरकट चौकोन. ताईबाईंनीही चष्मा लावून बघितलं. "आपल्या मोरीत बसवली व्हती, तसलीच दिसती ही," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. पण विनोदला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. आईचा आयुष्यभराचा हात आपण एका दुपारीत पुसून टाकला, असं त्याला वाटलं. तो उठून गच्चीवर गेला आणि टाकीत पाणी किती आहे ते बघत उभा राहिला. टाकी भरलेली होती. तरी बराच वेळ बघत राहिला.

माया वर आली. "तहमीनाला बोलावते," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसा. तुम्ही केलेलं तुम्हालाच म्हाईत, काय कुठं ठेवलंय ते. तिला एकटीला उमगायचं न्हाई."

हे खरं होतं की नुसती समजूत घालायला म्हटलेलं होतं, ते विनोदनं तपासलं नाही. तो खाली आला.

पुढचे दिवस घरात कारखाना लागला. फोटो नव्यानं काढले, तेही मायाच्या साध्या मोबाइलवर, सकाळच्या उन्हात, अंगणातल्या खाटेवर. अख्खी वाकळ दाखवायचा हट्टच मायानं सोडला. "फोनवर तळहाताएवढं दिसतं ना, मग तळहाताएवढंच दाखवू," ती म्हणाली. एक दुमडलेला कोपरा, त्यावर धावदोरा, आणि कडेला ताईबाईंचा सुई धरलेला हात. तहमीनानं ते फोटो हलके केले, पण टाका दिसेल इतकेच. सुभानचाचांनी मोबाइल डोळ्याजवळ नेऊन खरोखर टाके मोजले आणि मान हलवली. पिवळी अक्षरं उन्हात दिसत नव्हती, ती काळी झाली. विनोदनं हिरव्या रंगासाठी थोडा लढा दिला. शेवटी तो एका बारीक रेघेवर समाधानी झाला.

तपासायला ताईबाईंना बसवलं. त्यांनी अंगठा टेकवला की 'विकत घ्या'च्या ऐवजी दर वेळी 'रद्द करा' दाबलं जायचं. दोन्ही बटणं एकमेकांना चिकटून होती.

"आई, जरा नेम धरून दाबा," विनोद म्हणाला.

"माझं बोट काय शेवयीएवढं हाय व्हय?" ताईबाई म्हणाल्या. "मी गिऱ्हाईक हाय. नेम दुकानदारानं धरायचा."

तहमीना मोठ्यानं हसली आणि तिनं विकत घेण्याचं बटण भाकरीच्या उंड्याएवढं केलं. रद्दचं लांब नेलं.

राहता राहिला प्रश्न बबनरावांचा. त्यांना काढायचं, हे सगळ्यांना मान्य होतं. सांगायचं कुणी, हे कुणालाच मान्य नव्हतं. विनोदनं तहमीनाकडं पाहिलं, तहमीनानं मायाकडं. मायानं चहा केला आणि सासऱ्यांपुढं बसली.

"आबा, तुमचं निवेदन आम्ही दारातून उचलून माजघरात ठेवतोय. 'आमच्याविषयी' म्हणून पान हाय, तिथं."

"तिथं कोण जातं?" बबनरावांनी विचारलं.

"नुसतं बघणारा न्हाई जात. ज्याला माणसं खरंच जाणून घ्यायची असत्यात, तोच जातो."

बबनराव चहा पीत विचार करत राहिले. "मग तिथं मजकूर थोडा वाढवावा लागंल," ते म्हणाले. त्यांनी वाढवला. त्या पानावर कुणालाच घाई नसल्यामुळं तहमीनानंही हरकत घेतली नाही.

रविवारी विनोद, माया आणि वाकळींचं गाठोडं न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला आणि तिथून वरवंडला पोचलं. दौंडहून महेंद्र मोटारसायकलवर गौतमीला घेऊन आला होता. विनोदनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याच्या डोक्यात एक भाषण तयार होतं. फोटोचं वजन म्हणजे काय, ते कसं उतरवलं, खालचं खाली गेल्यावरच कसं आणायचं, बटणाचा अंगठ्याशी संबंध, मोबाइल आणि कंप्युटर यांतला मूलभूत फरक. वाटेत त्यानं ते मनात पुन्हा पुन्हा म्हटलं होतं. कंपनीच्या ऑडिटमध्येसुद्धा त्याची एवढी तयारी नसायची.

प्रगतीताई शेताच्या कडेला पाइपलाइनचं काम बघत उभ्या होत्या. पायात रबरी बूट, डोक्याला रुमाल. फोन जुना, काच तडकलेली, आणि नेटवर्कची एकच काडी, तीही येऊनजाऊन. विनोदनं मान उंचावून आसपास कुठं टॉवर दिसतो का ते बघितलं.

"दाखवा लिंक," त्या म्हणाल्या.

मायानं पाठवली. विनोदनं घसा खाकरला. "ताई, आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. साइट म्हणजे काय असतं, तर..."

"उघडली," प्रगतीताई म्हणाल्या.

त्या अंगठ्यानं पडदा वर सरकवत होत्या. एका ठिकाणी थांबल्या. दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि ताईबाईंच्या हाताकडं बघत राहिल्या. "हे हात खरे दिसत्यात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पुन्हा अंगठा हलला. मायाच्या पिशवीतला मोबाइल टुणकन वाजला.

"एक माझ्यासाठी टाकली," त्या म्हणाल्या. "चालू हाय का बघायला. चालू हाय."

"म्हणजे, ह्याच्यामागं असं असतं, की फोटोचं जे वजन..." विनोदनं पुन्हा सुरुवात केली.

"चला, खोल्या दाखवते," प्रगतीताई मायाला म्हणाल्या. "सगळ्या खोल्यांना लागतील. आन् कोड कुठं लावायचा ते तुम्हीच सांगा, उशाला का दाराला. होळीपर्यंत तुमच्या बायांना दम खायला मिळायचा न्हाई, आत्ताच सांगून ठेवते."

माया आणि गौतमी त्यांच्याबरोबर चालायला लागल्या. दहा पावलं गेल्यावर मायानं सखूबाईंना फोन लावला. ती काय बोलतेय ते ऐकू येत नव्हतं. पण बोलता बोलता तिनं पदरानं डोळे पुसले, ते विनोदला दिसलं. त्यालाही बरं वाटलं, पण अख्खं भाषण त्याच्या घशात तसंच अडकून राहिलं होतं.

जेवायला दौंडला जायचं ठरलं. बायकांना प्रगतीताई आपल्या गाडीतून सोडणार होत्या. विनोद महेंद्रच्या मागं मोटारसायकलवर बसला. हायवेवर ट्रकमागून ट्रक चालले होते. वरवंड मागं पडलं आणि विनोदला राहवेना.

"पाव्हणं," तो महेंद्रच्या खांद्यामागून म्हणाला, "आज त्यांनी उघडली ती टिचकीसरशी उघडली. पण ती तशी का उघडली?"

महेंद्रनं मान हलवली. विनोदला हुरूप आला. त्यानं सुरुवातीपासून घेतलं. फोटोचं वजन, खालचं खाली, अंगठा आणि बटण. पाटसपाशी तो फरशीच्या प्रसंगावर आला, आणि आपली चूक आपण होऊन सांगताना त्याला स्वतःच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं. महेंद्र मधूनमधून मान हलवत होता, अगदी लयीत. साडू असून माणूस समजूतदार आहे, आपणच त्याला आजवर ओळखलं नाही, असं विनोदला वाटलं. दौंडच्या पुलापाशी पोचेपर्यंत भाषण मुद्देसूद पूर्ण झालं, आणि त्यानं समारोपाचं वाक्यही जरा थांबून, वजन देऊन म्हटलं.

घरासमोर महेंद्रनं गाडी लावली. हेल्मेट काढलं. मग दोन्ही कानांतून गाणी ऐकायची बोंडं काढून खिशात टाकली आणि मागं वळला.

"काय म्हणत होता का, पाव्हणं?" त्यानं विचारलं. "हायवेला मधी कायतरी बोलल्यागत वाटलं."

विनोदनं शर्टावरची धूळ झटकली.

"काय न्हाई," तो म्हणाला. "म्हटलं, गाडी चांगली चालवता."